जुळाऱ्याची चूक

"'अंगास चोळताच भरपूर केस येतो,'" बाबांनी वाचलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

बुधवारची सकाळ होती. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सात ते साडेसात कोणाला कोणाकडे बघायला सवड नसे. वैभवी उभ्यानेच चहा पीत फोनवर ईमेल बघत होती. तिचा नऊ वर्षांचा वेदांग एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता. आई तव्यावरची पोळी उलटत होती. वैभवीचा नवरा निनाद अबू धाबीच्या साइटवर केव्हाच गेला होता. घाई नसलेला माणूस घरात एकच, आणि त्याच्यासमोर सरबताचा ग्लास नि भिंग.

"आजोबा, दॅट्स सो ग्रॉस," वेदांग म्हणाला. "हू वुड बाय दॅट सोप?"

"लोकांनी घेतला ना! एकोणीसशे अकरा सालचा पेपर आहे हा. तीन आठवडे अशीच जाहिरात आहे. चौथ्या आठवड्यात कुठे साबणाला फेस आला."

वैभवीला इतकं हसू आलं की चहा सांडता सांडता राहिला.

"जेवायच्या टेबलावर केस कसले काढताय सकाळी सकाळी?" आई ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणाली. "दुसऱ्याच्या चुका शोधायला शंभर वर्षं मागे जायचं! अहो, आधी स्वतःचा ळ शोधा."

"तोच तर शोधतोय," बाबा म्हणाले. हे बोलणं आणि हे उत्तर, दोन्ही घरात पुष्कळ वापरून गुळगुळीत झालेलं होतं. मग ते वैभवीकडे वळले. "वैभू, तू सांग. ही चूक लिहिणाऱ्याची की छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची?"

"संध्याकाळी सांगते, बाबा. यल्ला वेदांग, चल लवकर, बस आली खाली."

संध्याकाळी तिची मीटिंग लांबली. ती घरी आली तेव्हा जेवणं झाली होती. तिला प्रश्न आठवला नाही आणि बाबांनी आठवण केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे तळ्याभोवती फिरायला गेले, तिसऱ्या फेरीनंतर बाकावर बसले आणि उठले नाहीत. टॉवरच्या गार्डला वाटलं, काका पेंगतायत. शर्टाच्या खिशात पेन्सिल होती आणि घडी घातलेला एक कागद. दंतमंजनाची जाहिरात.

सदानंद हे त्यांचं नाव. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या साबण-तेलाच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. त्यातली पहिली चौदा लेबलांच्या विभागात. बाटलीवर, खोक्यावर, पुड्यावर जे जे छापलं जाईल ते त्यांच्या नजरेखालून जायचं. निवृत्त झाल्यावर मुलीकडे राहायला आले आणि त्यांना नवा नाद लागला. ग्रंथालयांनी जुनी मराठी वर्तमानपत्रं पानन् पान इंटरनेटवर ठेवली होती. बातम्यांना बाबा हात लावत नसत. ते वाचायचे फक्त जाहिराती: केशतेलं, मंजनं, साबण, स्टोव्ह, कंदिलाच्या काचा. आणि त्यांतही छापताना झालेल्या चुका. चूक सापडली की पान छापून घ्यायचं, पेन्सिलीने गोल करायचा आणि ही कोणाच्या हातून झाली असेल, याचा निकाल समासात लिहायचा.

घरच्यांना तो म्हातारपणीचा चाळा वाटायचा. वैभवीला मात्र तो कुठून आला हे ठाऊक होतं. तेवढं एक तिने वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

२००४ साली कारखान्याने मुंबईच्या बाजारासाठी केशतेल काढलं. लेबलवरचा मराठी मजकूर बाबांनी हाताने लिहिला. त्यांना मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून कागद वैभवीकडे दिला. ती तेव्हा चौदा वर्षांची, शारजात वाढलेली. शाळेत इंग्रजी आणि हिंदी, घरात मराठी, आणि मराठीतला ळ फक्त बाबा समोर असतानाचा. मैत्रिणींत ती 'शाला' म्हणायची आणि 'फला' म्हणायची. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची सोय तेव्हा नवीन होती. एल दाबला की ल, शिफ्ट धरून दाबला की ळ. 'केसांच्या मुळांना पोषण देते' असं वाक्य होतं. जागेच्या अडचणीत पुढे 'केसांच्या' गळलं आणि बाटलीवर छापलं गेलं: मुलांना पोषण देते.

अकरा हजार बाटल्या भरून, खोकी बंद होऊन खोर फक्कानच्या बंदरात पोचल्या होत्या. तिथे माल चढवणाऱ्यांत महादू नावाचा मालवणकडचा एक गडी होता. फुटलेल्या खोक्यातली बाटली हातात घेऊन त्याने सुपरवायझरला विचारलं, "सायबानू, ह्या तेल पोरांका पाजूचा काय डोक्याक लावूचा?" ही गोष्ट बाबांनी घरी येऊन स्वतःच सांगितली होती, महादूच्या आवाजात. आईसुद्धा हसली होती. माल परत आला. बाबा आठ दिवस शेडमध्ये कामगारांबरोबर बसून ओल्या फडक्याने लेबलं काढत होते. नवव्या दिवशी त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली आणि निवृत्त होईपर्यंत ते डब्यांची मोजदाद करत राहिले. पुन्हा एका अक्षरालाही त्यांना कोणी हात लावू दिला नाही.

त्या आठ दिवसांतल्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, "वैभू, तो माझा कागद कुठे गं? लेबलचा?"

"माहीत नाही. कचऱ्यात गेला असेल."

कागद तिच्या भूगोलाच्या वहीत होता. तिने तो दुपारीच बघितला होता. ळ होता. दुसऱ्या दिवशी शाळेत तिने त्याचे तुकडे केले. पहिल्या दिवशी भीती वाटली, पुढच्या आठवड्यात उशीर झालाय असं वाटलं, आणि मग आईचं 'तुमचा ळ' सुरू झालं, बाबा त्यावर हसू लागले. हसण्यावारी गेलेली गोष्ट पुन्हा गंभीर कशी करायची, हे तिला कधी समजलं नाही.

बाबा जाऊन सहा आठवडे झाले तेव्हा सुदेशचा फोन आला. महिन्यातून एकदा शनिवारी वीस-पंचवीस मराठी माणसं कोणाच्या तरी घरी जमून काहीबाही वाचून दाखवत. त्याची जुळवाजुळव सुदेश करायचा.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारतो. या महिन्यात काकांचा टर्न होता. जुन्या जाहिरातींवर. टिपण रेडी आहे म्हणाले होते. तुम्ही वाचाल का? नाही वाटलं तर नो प्रॉब्लेम, मी कोणाला तरी ॲडजस्ट करतो."

"बघते," वैभवी म्हणाली. नाही म्हणायचं तिच्या तोंडावर आलं होतं. पण त्या टिपणात काय असेल, हे बघायची तिला इच्छा झाली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा कशाची तरी इच्छा झाली.

फाइल जाडजूड होती. पहिल्याच पानावर बाबांनी शीर्षक दिलं होतं: 'छापील चुकीला किती हात लागतात?' खाली उत्तर. एक, लिहिणारा. दोन, जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा. तीन, खुद्द खिळा. चार, तपासणारा. मग एकेचाळीस जाहिराती, प्रत्येकीला नंबर, आणि निकालात त्या त्या हाताचं नुसतं पहिलं अक्षर: लि., जु., खि. किंवा त.

तिने गुरुवारी ऑफिसातून लवकर येऊन वाचायला घेतलं आणि दिवा लावायचं भान राहिलं नाही. एका तेलाने मेंदू थंड राहत होता. ते 'परीक्षेस बसणारे विद्यार्थी, वकील व कारकून यांस अत्यंत उपयुक्त' होतं, मोठी बाटली आठ आणे, 'ट. ख. निराळा'. हे ट. ख. काय, यावर ती बराच वेळ अडली. एवढं वाचणारी बाई, पण अक्कल चालेना. तीन पानांनंतर बाबांच्या पेन्सिलीत सापडलं: टपाल खर्च. दुसरं एक मलम स्वतःला खोटं ठरवणाऱ्याला शंभर रुपये इनाम देत होतं. समासात बाबांनी लिहिलं होतं, 'कुणी मागितले का? पुढचे अंक बघणे.' पुढचे सात अंक बघून त्याच ओळीखाली, 'नाही.'

नंबर नऊमध्ये बाजाची पेटी आणि स्टोव्ह यांच्या जाहिराती शेजारी शेजारी होत्या आणि मथळे एकमेकांच्या डोक्यावर बसले होते. त्यामुळे बाजाच्या पेटीखाली लिहिलेलं होतं: 'पेटविल्यावर आवाज बिलकुल होत नाही.' निकाल: 'जु. अंक दिवाळीचा आहे. माणूस दमला असणार.' नंबर सतरा, दंतमंजन. 'हिरड्यांतून येणारे भक्त ताबडतोब बंद होते.' निकाल: 'लि. रक्त लिहिताना भक्त लिहिणारा माणूस फावल्या वेळात आरत्या लिहीत असावा. हाताला वळण पडलेलं.'

वैभवी निकाल वाचण्याआधी तो हाताने झाकून स्वतः ओळखायला लागली. दहांतले सात चुकत होते. 'केस येतो'पाशी ती आली तेव्हा तिने पूर्ण पाच मिनिटं विचार केला आणि मोठ्याने म्हणाली, "जुळाऱ्याची." हात उचलला. बाबांनी लिहिलं होतं: 'खि. छपाई झाली की खिळे सोडवून आपापल्या खणात परत टाकतात. फ च्या खणात एक क पडला असणार. पुढच्या वेळी जुळारी न बघता उचलतो. त्याच्या हाताला खण पाठ असतो. बिचाऱ्याची चूक नाही.'

तीन आठवडे एकच ओळ तशीच राहिली, यावर मात्र तिचा आक्षेप होता. तपासणारा काय झोपला होता? वाद घालायला तिने मान वर केली, तर समोरची खुर्ची रिकामी होती. तिने पान उलटलं.

शेवटच्या पानावर जाहिरात नव्हती. बाबांचं सरळ, दाबून दाबून लिहिलेलं अक्षर होतं.

'४२. केशतेल, हमरिया, २००४. छापले गेले: मुलांना. हवे होते: मुळांना. निकाल: लि.? लिहिणारा मी. ळ लिहिल्याचं आठवतं. पण आठवतं म्हणजे तसंच झालं असं नाही. कागद सापडला नाही. सबब चूक माझी. हे सांगून शेवट करावा. लोक हसतील.'

समासात: 'अजीजला एकदा परत विचारणे.'

त्या 'लि.' पुढच्या प्रश्नचिन्हावर पेन्सिल अनेकदा फिरली होती. कागद तिथे चकाकत होता.

शुक्रवारी अर्धा दिवस असतो. वैभवी जेवण न करताच हमरियाला निघाली. अजीज कराचीचा, बाबांच्या वयाचा, कारखान्याची लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये तेव्हा नोकर होता आणि अजून तिथेच होता. त्याने तिला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, कडक चहा मागवला.

"तेल वाला लेबल?" तो म्हणाला. "बेटा, वो कौन भूलेगा. तुम्हारे वालिद ने दो दिन मेरा डस्टबिन छाना. मैंने कहा, सदानंदभाई, नोकरी बचाने के लिए ढूँढ रहे हो? बोले, नहीं यार, नोकरी की बात नहीं है. मुझे बस मालूम करना है, मेरे हाथ ने क्या लिखा था."

वैभवीने चहाचा कप खाली ठेवला.

"मॅनेजर बोला, प्रेस पे डाल दो. मेरा तो व्हिसा जाता, खलास. मुझे तो तुम्हारी जबान पढनी भी नहीं आती, जैसा आया वैसा छापा. तुम्हारे वालिद बोले, कागज नहीं है, तो अजीज पे कैसे डालूँ? मेरा नाम लिखो." अजीज थांबला. "अच्छे आदमी थे. थोडे पागल थे. चार महिने पहले भी फोन किया, बोले, अजीज, वो कागज याद है?"

"अंकल, टाइप का किसी ने नहीं पूछा?"

"मैंने पूछा था. मैंने कहा, मेरे पास तो टाइप होके आया, टाइप किसने किया? बोले, घर में हुआ." अजीजने खांदे उडवले. "बस. इतना बोल के चाय मँगवा ली."

परतीच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. तिला रेडिओ लावावासा वाटला नाही. घरी येऊन तिने चपला काढायच्या आधी फाइल उघडली. शेवटचं पान नीट, वरपासून खालपर्यंत, बाबा बघायचे तसं बघितलं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, बाबांनी बेचाळिसाव्या चुकीचे हात मांडले होते. तिने काल ते घाईत वाचलेच नव्हते.

'लिहिणारा: मी. तपासणारा: मी. छापणारा: अजीज, निर्दोष. जुळारी:'

पुढे काही नव्हतं. कॉम्प्युटरच्या काळात जुळारी म्हणजे टाइप करणारा, हे बाबांना समजत नव्हतं असं नाही. एकेचाळीस जाहिरातींत त्यांनी एकही रकाना मोकळा सोडलेला नव्हता, माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहिलं होतं. ते विसरले म्हणावं, तर ते विसरणारे नव्हते. चूक तिची, हे त्यांना माहीत होतं म्हणावं, तर त्या झिजलेल्या प्रश्नचिन्हाचं काय? याचा निकाल समासात कुठेच नव्हता.

संध्याकाळी आई मेथी निवडायला बसली. वैभवी समोर फाइल घेऊन बसली. "आई, उद्या वाचायचंय. एकदा ऐकतेस?"

"वाच. पण हळू वाच. तुझं मराठी एक्सप्रेस असतं."

वैभवीने वाचलं. मेंदू थंड ठेवणाऱ्या तेलापाशी आई म्हणाली, "हे आणायला हवं होतं, तुझ्या ऑफिसवाल्यांत वाटलं असतं." 'ट. ख.' तिने पटकन ओळखलं. तिच्या लहानपणी कॅलेंडरमागे असायचं म्हणे. वेदांग कानांतले हेडफोन काढून ऐकायला लागला. हिरड्यांतून येणाऱ्या भक्तांना मात्र आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. "आरत्या लिहीत असावा! काय एकेक सुचायचं या माणसाला!" मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा मेथी ओढली. सहा आठवड्यांत तिचं हसू कोणी ऐकलं नव्हतं.

"व्हॉट्स द लास्ट वन?" वेदांगने विचारलं.

वैभवीने शेवटचं पान वाचलं. 'लोक हसतील' इथपर्यंत.

आईचा हात थांबला होता. "ते पान नको वाचूस उद्या," ती म्हणाली.

"का?"

"गेलेल्या माणसाची चूक चारचौघांत कशाला? एकेचाळीस पुरेत. काढून ठेव ते."

"तू तर रोज म्हणायचीस, आई. तुमचा ळ, तुमचा ळ."

"मी म्हणायची. घरात म्हणायची. ते हसायचे म्हणून म्हणायची. त्यांना लागत असतं तर म्हटलं असतं का मी?" आईने एक जुडी सोडवली, पुन्हा बांधली. "आणि चूक त्यांची होतीच ना. मान्य केलीच होती त्यांनी. आता संपलं. ठेव आत."

पान हातात होतं. फाइलच्या मागच्या कप्प्यात ते सहज गेलं असतं. उद्या लोक भक्तांना हसले असते, फेसाला हसले असते, सुदेशने टाळ्या वाजवल्या असत्या, आणि बाबांच्या प्रश्नचिन्हाला कोणी कधी हात लावला नसता.

"वेदांग, जरा आत जा."

"व्हाय? आय वॉन्ट टू—"

"बरं. बस. तूही ऐक." तिने पान टेबलावर ठेवलं आणि आईकडे पाहिलं. "आई, बाबांनी ळच लिहिला होता. मी बघितला होता. टाइप मी केलं होतं, ल माझा होता. आणि तो कागद हरवला नव्हता. मी फाडला."